बट्टी झाल्याशिवाय धडा नाही

रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर मुलांची शाळा भरायची. शाळा म्हणजे काय, तर चटया, कडा उडालेला एक फळा, येशूच्या गोष्टी, टाळ्या वाजवत म्हणायची गाणी आणि शेवटी प्रत्येकाच्या ओंजळीत उकडलेले चणे. शिकवायची माझी आई. गाव सिद्धगडाच्या पायथ्याचं, मुरबाड तालुक्यातलं. प्रार्थनेला जाणारी घरं आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण चण्यांच्या वासाने इतर घरांतली पोरंही येऊन बसायची. आई कुणाला उठवायची नाही.

तिच्या शाळेत नियम एकच होता. पोर ओट्याच्या पायरीशी आलं की ती विचारायची, “कोनाशी कट्टी हाय?” नसेल तर वर यायचं. असेल तर आधी जाऊन बट्टी करून यायचं, मग चटईवर बसायचं. बट्टी म्हणजे आपली पोरांचीच, तर्जनी आणि मधलं बोट जोडून समोरच्याच्या तशाच दोन बोटांना लावायची. ज्याच्याशी कट्टी तो चटईवरच असला तर काम सोपं. तो घरी असला तर त्याच्या घरी जायचं. शेळ्या घेऊन माळावर गेला असला तर माळावर जायचं. आणि तोवर सगळी शाळा थांबायची.

मला त्या थांबण्याचा फार राग यायचा. गोष्ट अर्ध्यावर नाही, सुरूच झालेली नाही, आणि आम्ही सगळे कुणा एकीच्या चुलतबहिणीची वाट बघत बसलेलो. आई तेवढ्यात लसूण सोलायला घ्यायची. मी कुरकुर केली की म्हणायची, “धडा काय पळून चाललाय?” एखादं पोर हट्टाला पेटलं, बट्टी करणार नाही म्हणालं, तर ती त्याला ओरडायची नाही. ते पायरीवर बसायचं. पायरीवरून गाणी ऐकू यायची, चणेही मिळायचे, फक्त चटईवर यायला मिळायचं नाही. दुपारपर्यंत पायरीवर टिकलेलं पोर मी पाहिलेलं नाही.

आता हा नियम आईने काढला यात गंमत अशी, की आमच्या पंचक्रोशीत तिच्याइतकं कडाकडा भांडणारी बाई दुसरी नव्हती. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या लहानपणाचे पहिले आवाज आठवायचे म्हटले तर आईच्या भांडणाचेच आठवतात. तिचं वैर होतं पलीकडच्या काकीशी. काकी म्हणजे नात्यातली नव्हे. तिचं घर आमच्या घराशेजारी, तिचं खाचर आमच्या खाचराशेजारी, मध्ये एक बांध. तो बांध काकी दर वर्षी कुदळीने थोडा थोडा तासून आपल्याकडे घेते, असं आईचं म्हणणं. आई मुद्दाम बांध फोडून आपलं पाणी तिच्या आवणात, भाताच्या कोवळ्या रोपांत सोडते, असं काकीचं. दोघींचंही खरं असावं. दोघी आपापल्या ओट्यावर उभ्या राहून एकमेकींच्या सात पिढ्या उकरायच्या आणि माझे वडील गपचूप कारखान्याच्या पाळीला निघून जायचे.

मला एक धाकटा भाऊ होता. तो तापाने गेला. मुरबाडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागले होते. तो गेल्यावर काही दिवसांनी पुन्हा बांधावरून काहीतरी निघालं आणि काकी भर ओट्यावरून ओरडली, “तुज्याच जिभेनं खाल्ला तुज्या पोराला!”

त्या दिवशी आईने उत्तर दिलं नाही. पहिल्यांदाच दिलं नाही. ती घरात आली आणि चुलीपाशी बसली, आणि चूल पेटवायची विसरली.

त्यानंतर आमच्याकडे दवाखान्यातली एक सिस्टर येऊ लागली. भाऊ गेला तेव्हा ती तिथे होती. ती फारसं बोलायची नाही. आई तांदूळ निवडायला बसली की तीही सुपात हात घालून खडे वेचायची. तिच्यामागे आई मुरबाडला प्रार्थनेला जाऊ लागली. गावात कुजबूज झाली, वडील थोडे दिवस रुसले, मग तेही जाऊ लागले. तिथे आईला काय सापडलं ते तिने मला कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणायची, “मला तिथं रडू देतात.”

बाप्तिस्मा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती बांध ओलांडून काकीच्या अंगणात गेली. मी पदराला धरून मागे. काकी अंगण सारवत होती. आई तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “माज्या तोंडातून तुला जे जे गेलं, त्याची माफी कर.” काकीने वर पाहिलं नाही. शेणाचा हात जमिनीवरून तसाच फिरवत म्हणाली, “बरं.” बास. मी वाट बघत होते. आता ही म्हणेल, माझंही चुकलं गो, ते पोराचं मी बोलायला नको होतं. काकी काही म्हणाली नाही. सारवण आमच्या पायापर्यंत आलं तसे आम्ही मागे सरकलो आणि परत आलो.

वाटेत मी आईला म्हटलं, ती काहीच बोलली नाही! आई म्हणाली, “तिचा ती बघंल. माजा झाला.”

माझा मात्र झाला नव्हता. काकीच्या त्या ‘बरं’चा राग मी पुढे कितीतरी वर्षं सांभाळून ठेवला.

आणि आई एका दिवसात देवमाणूस झाली असंही नाही. बांध तासायचा तो तासला जातच होता. शिवी तिच्या ओठापर्यंत यायची, ते मला दिसायचं. मग ती पदराचं टोक दातात धरायची आणि घरात जाऊन असं धान्य पाखडायची की सुपाचा आवाज देवळापर्यंत जावा. मनपरिवर्तन हा शब्द मी पुढे उपासनेत पुष्कळदा ऐकला. तो कानावर आला की माझ्या डोळ्यांसमोर अजूनही तेच येतं, आईच्या दातात धरलेला पदर.

मुलांना हे कसं शिकवायचं ते तिला कळत नव्हतं. नवं मन, नवा जन्म हे शब्द पोरांच्या डोक्यावरून जायचे. तिच्याही थोडे जात असावेत. एकदा दोन बहिणी चटईवर चिमटे काढून भांडल्या, कट्टी झाली, आणि गाणं संपायच्या आत एकीने गुपचूप बोटं पुढे केली. आई गाणं सोडून म्हणाली, “हेच. ह्याच्यापुढं मला काय ठावं नाय.” तेव्हापासून तो नियम झाला.

मी शिकले, डी.एड. केलं, शेणव्याकडच्या शाळेत लागले, सापगावात खोली घेतली. शनिवारी शाळा सुटली की एसटीने, मग जीपने घरी यायची. वडील तोवर गेले होते. आई थकत चालली तशी रविवारची शाळा माझ्याकडे आली. मी बाई शिकलेली. कल्याणला जाऊन मुलांना कसं शिकवावं याचं शिबिर करून आले आणि येताना साहित्य घेऊन आले. त्यात पुठ्ठ्याचं एक मोठं हृदय होतं. एक बाजू काळी, एक लालभडक. काळी बाजू दाखवायची, पापांची नावं घ्यायची, मग येशू आत आला की फर्रकन उलटं करायचं. मुलं खूश व्हायची. आईने ते हातात घेऊन दोन्हीकडून पाहिलं, चांगलं केलंस म्हणाली आणि उकडत होतं म्हणून त्याने वारा घेत बसली.

काळ्या बाजूसाठी उदाहरण लागायचं. मी आईचंच द्यायचे. आपली आजी पूर्वी कशी भांडायची, आणि आता पाहा! मुलं तिच्याकडे बघून खिदळायची. तीही हसायची. आमच्या मंडळीत, म्हणजे मुरबाडच्या चर्चमध्ये, तर आईची साक्ष, देवाने तिला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगणं, प्रसिद्ध होती. कुठेही सभा असली की तिला उभं करायचे. “मी वखवखून भांडायची वो,” असं ती सुरू करायची आणि मंडप हसता हसता रडायला लागायचा.

दुखणं सुरू झालं ते चण्यांपासून. ती मुलांना दोनदा चणे वाटू लागली. मुलांनी अर्थातच काही सांगितलं नाही. मग गोष्टीतली नावं जायला लागली, मग मीठ आमटीत दोनदा पडू लागलं, आणि एक दिवस आमच्याच विहिरीवरून घरी येताना तिला घर सापडेना. शहापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मेंदूचा फोटो काढला आणि चष्मा काढून ठेवत मला म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, हा वाढत जाणार, कधीकधी स्वभावही बदलतो. आई समोर बसून त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत होती.

मी तिला सापगावला आणली. खोली चांगली, समोर नळ, दुकान हाकेच्या अंतरावर. आई गप्प झाली. दिवसभर दारात बसून रस्त्याकडे बघायची आणि मी शाळेतून आले की विचारायची, “आपला बांध कुटं गेला गो?” जेवण कमी झालं, मग जवळजवळ बंदच झालं. घास भरवायला गेले की तोंड फिरवायची. ती माझ्या डोळ्यांसमोर सुकत चालली तेव्हा मी बिनपगारी रजा काढली आणि तिला घेऊन गावी परतले.

जीपमधून उतरताना तिला काकी दिसली. काकी बांधावर गवत कापत होती. आईने माझा हात झटकला, कंबरेवर हात ठेवले, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच तिचा आवाज खणखणीत निघाला.

“काय गो सटवे, पुन्ना बांध तासलास!”

मला क्षणभर हसूच आलं. बाई जिवंत झाली, असं वाटलं. दुपारी ती पोटभर जेवलीही. पण ते हसू दुसऱ्या दिवशी पुरलं नाही. बांध झाला, पाणी झालं, मग ती भावापाशी आली. “माज्या पोराला माज्या जिभेनं खाल्ला म्हंतेस? ये हिकडं, दावते तुला जीभ!” भाऊ आजच गेल्यासारखी ती छाती पिटत होती. ज्या शब्दांची तिने मुरबाडच्या प्रार्थनेत राख केली असं मी मुलांना शिकवत आले, ते सगळे शब्द जसेच्या तसे तिच्या तोंडात होते. पदर खांद्यावर होता. तो दातात धरायचा असतो हे ती विसरली होती.

माझ्याही वाट्याला आलं. कधी मी चोर होते, कधी सवत, कधी दवाखान्यातून तिला पळवून आणणारी कुणी. ते मी हसण्यावारी नेत होते. मग एका सकाळी मी परसदारी तिचे केस विंचरत होते. ती अगदी शांत होती. मला वाटलं, आज ओळखतेय. तिने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं, माझं नाव घेतलं, आणि म्हणाली, “त्याच्या जागी तू का नाय गेलीस?”

मी वेणी पूर्ण घातली. मग न्हाणीत गेले आणि बादलीत पाणी ओतत रडले. आजार बोलतो, आई नाही बोलत, असं डॉक्टर म्हणाले होते. असेल. पण तिने माझं नाव घेतलं होतं. आजाराला माझं नाव कुठून माहीत?

त्या रविवारी मुलं आली. मी धडा घेत होते आणि आई परसात उभी राहून काकीच्या घराकडे तोंड करून सुटली होती. मी आवाज चढवून शिकवत राहिले. मुलांची तोंडं फळ्याकडे, कान परसाकडे. पुठ्ठ्याचं हृदय भिंतीला टेकवलेलं, लाल बाजू पुढे. पुढच्या चटईवरची एक मुलगी उठली, एरवी फार शहाणी, आणि तिने ते हृदय उलटं करून ठेवलं. काळं.

“ताई, आजीचा मन परत जुना झाला का?”

ती वात्रटपणा करत नव्हती. मी शिकवलं तसंच तिने केलं होतं. मी तिच्यावर खेकसले, खाली बस म्हटलं, चणे न वाटता शाळा सोडून दिली. मुलं चपला हातात घेऊनच पळाली. मग मी ते हृदय उचललं आणि कणगीच्या मागे टाकलं. राग त्या पोरीवर नव्हताच. मला देवाला विचारायचं होतं, की तू दिलेलं मन जर डोक्यातली शीर आक्रसल्याने जातं, तर ते दिलं होतंस तरी का? आणि आम्ही मुलांना नेमकं काय शिकवतो?

बातमी मंडळीत पोचली. पाळक स्वतः घरी आले, आईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तिच्या दोन शिव्या खाल्ल्या आणि चहा घेताना मला हळूच म्हणाले, “मुलांच्या कोवळ्या मनावर परिणाम होतो, बेटा. गावात लोकांना बोलायला जागा मिळते. थोडे दिवस शाळा दुसऱ्या घरी भरवू या.” माणूस वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं मला पटतही होतं. पण आतून मी पेटले. इतकी वर्षं हिला प्रत्येक मंडपात उभी केली, आणि आता झाकून ठेवायची! मी बघते म्हणाले. काय बघणार होते मलाच ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. उन्हं उतरली होती. आई ओट्यावर उभी राहून भावाचं ते बोलत होती, आवाज बसला होता तरी बोलत होती. काकी तिच्या दारातून निघाली. एका हातात काठी. गुडघे गेलेले, त्यामुळे बांध चढताना तिला बसून पाय टाकावा लागला. मी धावले, मला वाटलं आता ही मारामारीला येतेय. काकी आमच्या पायरीशी येऊन थांबली. धापा टाकत होती. काठी बगलेत धरली आणि उजव्या हाताची दोन बोटं वर केली.

“तुजा पोर तापानं गेला,” ती आईला म्हणाली. “तुज्या जिभेनं नाय गेला. ते माज्या तोंडातून गेलं. माफी कर गो. चल, बट्टी कर.”

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने आपली दोन बोटं पुढे केली आणि काकीच्या बोटांना लावली.

“च्या घेशील?” आई म्हणाली.

काकीने पायरीवर बसून चहा घेतला. वर आली नाही. दुसऱ्या दिवशी आई सगळं विसरली होती. उन्हं उतरली की तोच बांध, तेच पाणी, तोच भाऊ. आणि तीच काकी, बांधावर बसून पाय टाकत, बोटं वर करत, तेच शब्द. रोज. कधी आई लगेच बट्टी करायची, कधी आधी दोन शिव्या घालायची, एकदा थुंकलीही. काकी पदराने तोंड पुसून तशीच उभी राहिली.

मी एकदा तिला बांधापर्यंत सोडायला गेले. म्हटलं, “काकी, तुम्ही कशाला रोज येता? तिला उद्या आठवणार नाही.”

“तिला नाय आठवत. मला आठवतं ना.” मग काठीने माती टोकरत ती म्हणाली, “इतकी वर्सं माज्या ओट्यावर बसून तुमची शाला आयकली. कोनाशी कट्टी हाय, कोनाशी कट्टी हाय. दर रविवारी मला वाटायचं, ही मलाच इचारते. माजी राह्यली व्हती, मला ठावं व्हतं. तिनं कदी मागितली नाय. मी कदी दिली नाय.”

मी लहानपणापासून सांभाळलेला राग त्या बांधावर कुठे ठेवावा ते मला कळेना. मी काकीचा हात धरून तिला पलीकडे उतरवलं.

पाळकांना मी निरोप दिला, शाळा आमच्याच ओट्यावर भरेल. मुलं परत आली. परसातला आरडाओरडा ऐकत आम्ही गाणी म्हणायचो. पुठ्ठ्याचं हृदय मी कणगीमागून काढलं नाही. आईचं उदाहरणही बंद केलं. पायरीवर उभी राहून ‘कोनाशी कट्टी हाय’ विचारायचं काम मी त्या शहाण्या मुलीला दिलं, कारण माझ्याच्याने ते होत नव्हतं. तिनेच एकदा मला विचारलं, “ताई, मग आजीला देव रोज नवा मन देतो का?” मी म्हटलं, मला माहीत नाही. शिबिरात असं उत्तर द्यायचं नसतं. पण मला खरंच माहीत नव्हतं, आणि अजून नाही.

आईच्या तोंडचं माझ्याविषयीचं ते वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला न्हाऊ घालत होते, भरवत होते, ओली लुगडी धूत होते. सगळं करत होते. फक्त तिच्या डोळ्यांत बघत नव्हते.

भाताची झोडणी सुरू झाली. काकीच्या खळ्यावर दिवसभर पेंढ्या आपटल्याचे आवाज येत होते. मजूर मिळत नव्हते, त्यामुळे त्या वयात तीही उभी होती. संध्याकाळी आई ओट्यावर आली आणि सुरू झाली. त्या दिवशी तिचा आवाज अगदी चिरका होता, मध्येच खोकत होती. मी खळ्याकडे बघितलं. काकी पेंढ्यांच्या ढिगाला टेकून बसली होती. तिने तिथूनच हात हलवला आणि ओरडली, “उद्या येते गो!” आई बोलत राहिली, मग थकली. मी तिला आत नेऊन निजवलं.

ती पहाटे गेली. मी उठून पाहिलं तेव्हा अंग गार पडलं होतं.

मुरबाडला माती दिली. मंडळी आली, पाळकांनी तिच्या जुन्या साक्षीविषयी छान सांगितलं. शेवटच्या वर्षाविषयी काही बोलले नाहीत. गावातली सगळी माणसं येऊन गेली, काकी आली नाही. खळ्यावर भात तसंच पडून होतं. मी तिची वाट पाहिली असं म्हणवत नाही, पण बांधाकडे माझी नजर सारखी जात होती.

पुढच्या रविवारी मुलं आपसूक आली. घरात चणे भिजवलेले नव्हते. मी फळा पुसत होते, काय शिकवायचं काही सुचत नव्हतं. तेवढ्यात पायरीशी काठी वाजली. काकी उभी होती. मुलांनी सरकून तिला चटईवर जागा केली. ती वर आली नाही.

त्या शहाण्या मुलीने, सवयीने, आलेल्या प्रत्येकाला विचारायची तसंच तिलाही विचारलं, “काकी, कोनाशी कट्टी हाय?”

“तुज्या आजीशी,” काकी म्हणाली. “एक दिस नाय आले गो मी. एकच दिस. कंटाला आला माजा. रोज रोज तेच बोलायचा कंटाला आला. म्हटलं, उद्या जाईन.” तिने काठीवर दोन्ही हात ठेवले. “आता कोनाशी करू?”

मला बोलता आलं असतं. ती प्रभूजवळ आहे, तिथे सगळं माफ झालेलं असतं, असं मी कितीतरी घरी जाऊन बोलून आले आहे, आणि माझा त्यावर विश्वासही आहे. पण पायरीवर उभ्या असलेल्या बाईला ते सांगवेना. मुलं माझ्याकडे बघत होती. मी खडू ठेवला, खाली उतरले आणि काकीसमोर उभी राहून बोटं पुढे केली.

“आईच्या वतीनं,” म्हटलं.

काकीने बोटं लावली. मग तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती रडली, भांडणासारखीच मोठ्याने. तिचं रडणं ओसरलं तसं मी तिला म्हटलं, चला वर, बसा. आणि मी वळून पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबले. आईच्या नियमाने मलाही त्या ओट्यावर चढायचं नव्हतं. मला तो हक्क नव्हता.

“काकी,” मी म्हटलं, “माझी पण राहिलीय. आईशी.”

काय म्हणून, असं तिने विचारलं नाही. मग मला आठवलं, केस विंचरायला आम्ही बसलो होतो ते परसदारी, आणि काकीचं घर हाकेच्या अंतरावर. तिने ऐकलं होतं. इतके दिवस तिला माहीत होतं.

तिने काठी डाव्या हातात घेतली आणि उजवी दोन बोटं पुन्हा वर केली.

“तिला तसं म्हनायचं नव्हतं गो बाय,” ती म्हणाली, आणि मग आईच्या वतीनं, “चुकलं माजं. माफी कर.”

माझा हात लगेच वर गेला नाही. काकी बोटं धरून उभी राहिली. वर ओट्यावर मुलं थांबली होती. कुणी चुळबूळ केली नाही, कुणी गाणं सुरू केलं नाही. आईच्या शाळेत थांबायची सवय सगळ्यांनाच होती. एक मांजर चटईवरून चालत गेलं.

मग मी बोटं लावली. काकीची बोटं भाताच्या तुसाने खरखरीत झाली होती. या दिवसांत आईचीही तशीच असायची.